माईआत्याची आगोट : गुहागरातले मे महिन्याचे दिवस

माईआत्याकडे मे महिन्यात पाहुणा म्हणून राहायची सोय नाही. आंबा, फणस, रातांबा (कोकमाचं फळ) तिन्ही एकदम पिकून पडलेले असतात, आकाश कधी भरून येईल याचा भरवसा नसतो आणि पावसाच्या चार महिन्यांची बेगमी, म्हणजेच आगोट, ऊन आहे तोवरच उरकायची असते. पूर्वी सुट्टीत तिच्याकडे दहा-बारा पोरं जमत. त्यांना ती जवळ बसवून लाड करत नसे, काम देत असे. आज पन्नाशीला आलेल्या त्या पोरांना विचारलं तर समुद्राआधी प्रत्येकाला आपापलं काम आठवतं. कोणाकडे आढी (पेंढ्यात पिकत घातलेले आंबे) होती, कोणाकडे रातांबे पुसणं, तर कोणाकडे साठांवरचे, म्हणजे वाळत घातलेल्या आंबापोळ्यांवरचे, कावळे हाकणं.

यंदा तीच पोरं आपल्या पोरांना घेऊन गेली. तिकिटं, रजा, गाडीतली गर्दी याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखी आहे ती वेळ : मेचा दुसरा आठवडा. हापूस तेव्हा संपत आलेला असतो, पण रायवळ (गावठी) आंबा आणि बरका फणस ऐन भरात असतात. पूर्वी मृगापर्यंत, म्हणजे ७ जूनपर्यंत, वाळवणं निर्धास्त चालत. २०२५ साली मान्सून २६ मे रोजी मुंबईत पोहोचला आणि त्याआधीही कोकणात वळीव कोसळत राहिला. शेवटच्या आठवड्यावर भिस्त ठेवणाऱ्यांची सोलं (रातांब्याची वाळवलेली सालं) त्या वर्षी ताटातच बुरसली. तेव्हा आधीची तारीख धरलेली बरी.

शनिवार : चिपळूण ते वरचा पाट

चिपळूणहून गुहागर साधारण ४५ किलोमीटर. वाटेत शृंगारतळीचा बाजार लागतो. खडे मीठ, साखर, मलमलचं कापड, झाकणाच्या बरण्या तिथे थांबून घ्याव्यात. अशा घरी जाताना मिठाईचे पुडे नेण्यापेक्षा या वस्तू नेल्या की यजमानीण खरी खूश होते. काचेच्या रुंद तोंडाच्या बरण्या आणि जुने, धुऊन मऊ झालेले पंचे कितीही नेले तरी कमीच पडतात.

गुहागरची वस्ती समुद्राला समांतर लांबच लांब पसरलेली आहे, खालचा पाट आणि वरचा पाट. घर रस्त्याच्या अंगाला, मागे नारळी-पोफळीचं आगर आणि आगर संपलं की थेट पुळण. माईआत्याचं घर जांभ्या चिऱ्याचं. पुढे ओटी, मध्ये माजघर, मागे पडवी. पडवी हा तिचा कारखाना. ऐंशी कधीच ओलांडली असल्यामुळे आता ती खाली बसत नाही. लाकडी स्टुलावर बसते आणि तिथून सगळ्यांवर नजर ठेवते.

"हातपाय धुतलेत? मग बसा. सरबत घ्या नि आढी बघून या. वरचा पेंढा उचकटू नका रे, हात घालून बघा."

संध्याकाळी मऊ भात, मेतकूट, वर घरचं तूप, पोह्याचा भाजलेला पापड. जेवण होताच वाटप झालं. ते आजही जुन्याच हिशेबाने होतं, वयावर. पाच-सहा वर्षांच्यांना पुसण्याचं काम, कारण त्यात धार नाही आणि आग नाही. सात-आठच्यांना बिया काढणं. दहाच्या वरच्यांना विळीवर बसता येतं, मात्र शेजारी मोठं माणूस हवं. बारा-तेराच्यांना आंबे उतरवताना खाली उभं राहून फळ घ्यायला मिळतं. एकदा मिळालेलं काम त्या सुट्टीपुरतं बदलत नाही. कंटाळा आला म्हणून दुसऱ्याचं मागितलं तर उत्तर ठरलेलं : "तुझं काय झालं? संपलं? मग दाखव."

आणखी एक पद्धत तिने सोडलेली नाही. साठांच्या ताटाच्या बुडाला ती खडूने मुलाचं नाव लिहिते. त्या ताटातली पोळी जाताना त्याच मुलाच्या डब्यात जाते. जाड झाली, चिकट राहिली, कडेने करपली तरी तीच. पसरण्याचं काम मुलं एवढ्या मन लावून का करतात, ते यावरून कळावं.

रविवार : आंबे

आंबे सकाळी नऊ-दहाच्या आत उतरवायचे. बागांमधून आता राखणीला आणि उतरवायला नेपाळी गडी असतात. घराजवळच्या दोन-चार झाडांसाठी मात्र गावातलाच कोणी येतो. बांबूच्या टोकाला झेला, त्याच्या तोंडाशी पातं. देठ कापला की फळ जाळीत पडतं. देठ तीन-चार सेंटीमीटर ठेवावाच लागतो. तो मुळाशी तुटला तर चीक फळावर ओघळतो, साल काळवंडते आणि पुढे आढीत सड त्याच जागेपासून सुरू होते.

फळ तयार झालं की नाही हे ओळखायच्या खुणा माईआत्याने मुलांकडून जवळजवळ पाठ करून घेतल्या. देठाच्या दोन्ही बाजूंचे खांदे भरून देठापेक्षा वर आले पाहिजेत. सालीचा गर्द हिरवा रंग उतरून फिकट पडला पाहिजे. झाडाखाली एखादा पाड, म्हणजे झाडावरच पिकून पडलेला आंबा, सापडला पाहिजे. शंका असेल तर बादलीभर पाण्यात सोडून बघावं, जून फळ बुडतं आणि कोवळं तरंगतं. तरंगलेलं वेगळं काढायचं, लोणच्याला.

उतरवलेला आंबा तापलेल्या कातळावर किंवा जमिनीवर ठेवायचा नाही, यावर तिचा फार कटाक्ष. हापूसमध्ये साका होतो, म्हणजे बाहेरून फळ सुंदर आणि आत पांढरट, रबरासारखा गर. त्याचं एक मोठं कारण जमिनीची धग हेच असल्याचं शास्त्रज्ञही सांगतात. झाडाखालीच सावलीत झावळ्या अंथरून त्यावर आंबे ठेवले आणि ऊन चढायच्या आत घरात आणले.

आढी घालायची ती अंधाऱ्या पण वारा खेळणाऱ्या खोलीत. खाली मूठभर जाडीचा कोरडा भाताचा पेंढा, त्यावर आंब्यांचा एक थर, मग पुन्हा पेंढा. तीन थरांच्या वर जायचं नाही, नाहीतर खालचे दबतात. पेंढा ओलसर असला तर आठवड्यात बुरशी येते, म्हणून तो आदल्या दिवशी उन्हात टाकून घेतला होता. चौथ्या-पाचव्या दिवसापासून रोज हात घालून चाचपायचं आणि डागी फळ लगेच बाहेर काढायचं. पिकायला आठ ते बारा दिवस जातात.

दुपारी साठं. त्यासाठी हापूस वापरणं हा तिच्या मते उधळेपणा. रायवळच हवा, आंबट-गोड आणि रेषाळ. आंबे धुऊन, पुसून, पिळून रस काढायचा आणि चाळणीतून गाळायचा, कारण रेषा राहिली तर पोळी तिथेच फाटते. लिटरभर रसाला १०० ते १५० ग्रॅम साखर, आंबटपणा बघून. काहीजण रस आळवून घेतात. पोळी लवकर वाळते हे खरं, पण रंग काळपट येतो आणि ताज्या आंब्याची चव जाते. माईआत्या कच्चाच रस घालते.

ताटाला बोटभर तूप पुसायचं आणि रस ओतायचा, जाडी तीन-चार मिलिमीटर. पोरांची घाई होते ती इथेच. ताट एकदाच जाड भरलं की वरून साय धरल्यागत कातडं येतं, खालचा रस कोंडून आंबतो आणि दोन दिवसांनी पोळीला दारूचा वास येतो. पातळ थर वाळला की त्यावर दुसरा, मग तिसरा. ताट डुगडुगत्या बाकावर ठेवलं तर एक बाजू जाड, एक पातळ. म्हणून खाली खापरीचे तुकडे लावून ताट समतोल करण्याचं एक स्वतंत्र काम असतं. वर मलमल बांधायची. सूर्य कलला की ताटं आत, कारण समुद्राकाठच्या रात्रीच्या दमट हवेत दिवसभराची मेहनत परत चिकट होते. कड आपणहून सुटली की पोळी उलटायची वेळ झाली. ओढून सोडवायची नाही.

सोमवार : रातांबे

हा सगळ्यात मोठा दिवस आणि सगळ्यात रंगीत. आगराच्या कडेच्या दोन झाडांचे रातांबे, शिवाय शेजारच्या काकूंनी दिलेली एक पाटी. सकाळी निवडणं : गर्द लाल झालेले एकीकडे, अर्धवट पिवळट दुसरीकडे, फुटके तिसरीकडे. पिवळट फळाचं आगळ (मिठात सुटलेला रस) फिकं होतं. फुटक्यातून लगेच आंबण सुरू होते. ती फळं त्याच दिवशी सरबताला संपवायची.

धुतल्यावर पुसणं. बारक्यांचं हे काम किरकोळ वाटतं, पण पाण्याचा अंश राहिला तर बरणी नासते. म्हणून माईआत्या मधूनच एखादं फळ उचलून गालाला लावून बघते. ओलं लागलं तर अख्खी पाटी परत.

मग फळ आडवं चिरून सालं वेगळी, गर-बिया वेगळ्या. हातांना जांभळा रंग बसतो तो दोन-तीन दिवस जात नाही, आणि पांढऱ्या कपड्यांवर पडला तर कायमचा. अॅल्युमिनियम, लोखंड, तांबं, पितळ यातलं काही वापरायचं नाही, आंबट रस धातूला खातो आणि चव बिघडते. स्टील, काच किंवा चिनी माती. त्या एका ढिगातून चार पदार्थ निघाले.

आगळ : किलोभर सालांना १५० ते २०० ग्रॅम खडे मीठ. बरणीत एक थर सालांचा, एक मिठाचा. रोज लाकडी डावाने खाली-वर करायचं. सात-आठ दिवसांत सालं मऊ पडतात आणि गर्द रस सुटतो, तो गाळून ठेवायचा. सोलकढीला लागतं ते हे. खारट असतं, म्हणून कढीत वरून मीठ घालण्याआधी चाखून बघावं.

अमृत कोकम : सालांच्या वाट्यांत साखर भरून बरणीत रचायच्या. वजनाने एकाला दोन भाग साखर. तोंडाला कापड बांधून बरणी आठवडाभर उन्हात, रोज एकदा हलवून. साखर पूर्ण विरघळली की गाळायचं. साखर कमी केली की फेस येतो. "आम्ही गोड कमी खातो" असं म्हणणाऱ्यांनी साखर सरबत करताना कमी घ्यावी, म्हणजे पाणी जास्त घालावं. बरणीत काटकसर नको.

सोलं : गर आणि बियांमध्ये मीठ घालून रस सुटू द्यायचा, त्यात सालं बुडवायची, काढून उन्हात वाळवायची आणि संध्याकाळी पुन्हा त्याच रसात. असं चार-पाच वेळा. दरवेळी साल जास्त काळी आणि जास्त आंबट होत जाते. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या सोलांमध्ये हीच पुटं कमी दिलेली असतात आणि मीठ भरपूर. वजन त्याचंच.

चौथं मुठेल. बिया धुऊन वाळवायच्या, फोडून आतला गर कुटायचा, पाण्यात उकळायचा. गार झालं की वर तूप गोठल्यासारखा थर येतो. तो काढून वितळवून, गाळून मुठीने गोळा वळायचा. भेगाळलेल्या टाचांना यासारखं औषध नाही. साधारण ४० अंशांच्या आसपास ते वितळतं, म्हणून मेच्या उन्हात पिशवीत टाकून प्रवासाला न्यायचं नाही. बिया वाळायलाच आठवडा लागतो, तेव्हा यंदा पोरांना गेल्या वर्षीच्या बियांचं काढून दाखवलं.

रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे हे एका पुतण्याने सांगितलं. "मान मिळाला ना? मग पुसा नीट," एवढंच ती म्हणाली.

दुपारी सगळ्यांना एका रांगेत सोलकढी. नारळाचं पहिलं दूध, त्यात आगळ, लसूण-मिरची ठेचून. आगळ घातल्यावर कढी चुलीवर ठेवायची नाही, फाटते.

मंगळवार : फणस

कापा खायला, बरका रसाला. कुठला फणस पिकलाय हे वाजवून कळतं. कच्चा टणटण वाजतो, पिकलेल्याचा आवाज बद्द येतो, काटे पसरट होऊन एकमेकांपासून दूर गेलेले असतात, आणि वास तर ओटीपर्यंत येतोच.

फोडण्याआधी हाताला कोपरापर्यंत खोबरेल, विळीच्या पात्यालाही. खाली जुनी वर्तमानपत्रं. चीक काडीला गुंडाळून काढत जायचं. हाताला लागलाच तर पाणी लावायचं नाही, पाण्याने तो अधिकच घट्ट बसतो. आधी तेल चोळायचं, मग कोरड्या फडक्याने पुसायचं, साबण शेवटी. "केसाला हात लावू नको गो," हे वाक्य या घरात पिढ्यान्‌पिढ्या उच्चारलं गेलेलं आहे आणि दरवर्षी एकीला तरी केस कापावे लागतात. यंदाही लागले.

बरके गरे आठळ्या काढून रोवळीवर घासले की रस खाली उतरतो आणि दोरे वर राहतात. अर्ध्या रसाची फणसपोळी, आंब्याच्याच पद्धतीने, फक्त थर अजून पातळ, कारण हा रस वाळायला जास्त वेळ घेतो.

अर्ध्याची सांदणं. वाटीभर तांदळाच्या कण्या (तांदूळ धुऊन, वाळवून, रवाळ दळलेले), वाटीभर रस, अर्धी वाटी चिरलेला गूळ, अर्धी वाटी नारळाचं दूध, चिमूटभर मीठ. अर्धा-पाऊण तास भिजू द्यायचं. पीठ इडलीच्या पिठाइतपत हवं, घट्ट झालं तर दुधानेच सैल करावं. तूप लावलेल्या वाट्यांत अर्ध्यापर्यंत घालून मोदकपात्रात १५ ते २० मिनिटं वाफ. कण्या बारीक दळल्या गेल्या तर गिचका होतो, भाजून घेतल्या तर सांदणं जरा मोकळी होतात. वरून नारळाचं दूध. तुपाबरोबर खाणारेही आहेत, त्यांच्याशी वाद घालत नाही.

आठळ्या धुऊन, राखेत लोळवून वाळत टाकल्या. पावसात त्या भाजून किंवा आमटीत.

बुधवार : वळीव आणि काजू

पहाटेपासून दमट. नऊला दक्षिणेकडून काळं आलं. माईआत्या वर आकाशाकडे न बघता म्हणाली, "मुंग्या अंडी उचलायला लागल्यात, ताटं आत घ्या." पंधरा मिनिटांत सरी. कोणाचं ताट कोण उचलणार यावरून पोरांत भांडण झालं, पण एकही भिजलं नाही. अशा वेळी ओली ताटं एकावर एक रचायची नसतात. माजघरात पाटांवर सुटी पसरून पंखा लावला. चुलीच्या वर टांगलेल्या पट्टीवरही ठेवता येतात, मात्र धुराचा वास पकडतात.

पाऊस तासाभरात ओसरला. मग काजू. हा प्रकार मोठ्यांनीच करायचा. जुन्या पत्र्याच्या डब्याला खिळ्याने भोकं पाडून तो तीन दगडांवर ठेवायचा, आत वाळलेल्या बिया. टरफलातलं तेल सुटून पेट घेतं, ज्वाळा हातभर उठतात. त्या तेलाने कातडी भाजून निघते, धूरही डोळ्यांना झोंबतो, म्हणून मुलांना सात-आठ हात लांब आणि वारा जिकडून येतो त्या बाजूला बसवायचं. लांब काठीने हलवत राहायचं आणि टरफल काळं होताच डबा जमिनीवर पालथा करून वर राख टाकायची. पूर्ण गार झाल्याशिवाय हात नाही. नंतर बोटांना राख चोळून दगडाने उभं ठोकायचं, आडवं ठोकलं की गराचा चुरा. अख्खा निघालेला गर वाटीत, तुकडा तोंडात, हा नियम जुनाच. त्यामुळे मुलं जरा आडवंच ठोकतात.

संध्याकाळी व्याडेश्वराच्या देवळात जाऊन किनाऱ्यावर. गुहागरचा किनारा लांब आणि मोकळा आहे, पण भरतीच्या वेळी आणि वळिवानंतर पाणी ओढतं. मुलांना गुडघ्याच्या पुढे सोडू नये. ज्यांच्याकडे जास्तीचा दिवस असेल त्यांनी अंजनवेलचा गोपाळगड किंवा हेदवीचा दशभुज गणपती करावा. हेदवीच्या बामणघळीत पाणी उसळताना बघायचं तर भरतीची वेळ विचारूनच निघावं.

गुरुवार : बांधाबांध

आंबे प्रवासाला न्यायचे तर चौदा आणे तयार, अजून टणक असे. खोक्याला भोकं, तळाला पेंढा, दोन थरांच्या मध्येही पेंढा. घरी पोहोचल्यावर खोकं तसंच ठेवायचं नाही, त्याच रात्री उघडून पसरायचं. साठं अजून पुरती वाळली नव्हती. उलटून एक ऊन खाल्ल्यावर त्यांच्या घड्या घातल्या, मध्ये तुपाचा कागद. उरलेली दोन उन्हं आपापल्या गच्चीत द्यायची, असं प्रत्येक डब्याबरोबर बजावलं गेलं. पूर्ण वाळलेली पोळी बोटाला चिकटत नाही आणि दुमडली तर मोडत नाही. तशी झाली की हवाबंद डब्यात वर्षभर टिकते.

एका ताटाची पोळी निम्मी जाड, निम्मी पातळ झाली होती. ताटाचा मालक सहा वर्षांचा. माईआत्याने पातळ अर्धी घडी करून त्याच्या डब्यात घातली, जाड अर्धी स्वतःकडे ठेवली. "ही मी वाळवते नि पाठवते. पुढल्या वर्षी खापरी तूच लाव."

आगळाची आणि अमृत कोकमाची बरणी हलवायची नसल्याने तिच्याकडेच राहिली. आठवड्याने फोनवर तिचा अहवाल आला : अमृत कोकम उतरलं, चार बाटल्या झाल्या. आगळाच्या एका बरणीला मात्र फेस धरला होता. तिने त्यात आणखी दोन मुठी मीठ घालून उन्हात ठेवली आणि ती पाटी कोणी पुसली होती, ते नाव विचारून घेतलं.